नऊ बटाटे

दुपारी दोनला, मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांची दारं लोटलेली असताना, नलूने गॅलरीच्या टोकाची गोणी जुन्या ताडपत्रीवर आडवी केली. खाली गल्लीत मसाला कुटायचे डंक धडधडत होते. लालबागच्या त्या आवाजात माती पडल्याचं कुणाला ऐकू गेलं नसतं.

दिवाळीनंतर लावलेल्या बटाट्यांचा पाला पिवळा पडून आठवडा झाला होता. तिने हातांनी माती चाळली. नऊ बटाटे मुठीएवढे निघाले. बाकीचे लिंबाएवढे, काही तर गोट्यांसारखे.

ठेवायचे बटाटे धुवायचे नसतात. तिने माती नुसती चोळून काढली आणि नऊ मोठे पदरात घेऊन ती आत गेली. आंब्याची रिकामी पेटी, त्यात वर्तमानपत्र, त्यावर एकमेकांना न टेकणारे नऊ बटाटे. पेटी पलंगाखाली सरकवली.

खुर्चीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने, गंगाधरने, विचारलं तेव्हा ती म्हणाली, रविवारी उन्मेषकडे न्यायचेत, सुनेचे आईवडील यायचे आहेत. आई चाळीच्या गॅलरीत शेती करते म्हणून मुलगा त्यांच्यादेखत हसला होता.

"आणि शांतावहिनींना?"

"देते ना."

शांतावहिनी शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. नलू आणि गंगाधर जत्रेला गावी गेले तेव्हा बारा दिवस गोणीला पाणी त्यांनी घातलं होतं. सकाळी पाऊण तास येणाऱ्या पाण्यातला रोज एक तांब्या. निघताना नलूनेच म्हटलं होतं, अर्धे तुमचे.

संध्याकाळी तिने लहानांतले सात वाटीत घालून नेऊन दिले. यंदा एवढेच आले, म्हणाली. आणि कुणी विचारलं नसताना, माती हलकी होती असंही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. अकराच्या सुमारास शांतावहिनी तीच वाटी झाकून घेऊन आल्या. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा त्यांचा नियम. आत उपासाची भाजी होती, जिरं आणि दाण्याचं कूट लावलेली. इवले बटाटे न चिरता अख्खेच ठेवले होते. नलूची नजर आपोआप मोजत गेली. सातही होते.

"अहो, तुम्हाला काही ठेवलं नाहीत?"

"माझा साबुदाण्यावर भागला. तीन महिने राबलस, आणि तुका इतकेच गावले." त्या नेहमीसारख्या पलंगावर टेकल्या. "घरचे आसत, तू खा."

तेव्हा नलूचं खाली लक्ष गेलं. बटाट्यांना वारा लागावा म्हणून तिने सकाळी पलंगाची चादर वर खोचली होती. ती तशीच होती. पेटीचं एक टोक बाहेर आलं होतं. तिला पुढे होऊन चादर सोडता आली असती, पण ती वाटी धरून उभीच राहिली. गंगाधरने पेपर तोंडासमोर धरला. पान मात्र उलटलं नाही.

शांतावहिनींनी शिवाच्या देवळातली गर्दी सांगितली, गुडघ्याचं सांगितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठायला वाकल्या आणि तशाच क्षणभर थांबल्या.

नलू काहीतरी म्हणणार होती. माती हलकी होती, एवढंच पुन्हा आठवलं.

शांतावहिनींनी पायाने पेटी हलकेच आत लोटली. खोचलेली चादर सोडवली, जमिनीला टेकेपर्यंत खाली ओढली, आणि तळव्याने तिची सुरकुती काढली.

"उजेड लागाक देऊ नको गो," दाराकडे जाता जाता त्या म्हणाल्या. "हिरवे पडतत."