मधला खण

मी फोनवर बोलायला बिचकतो, म्हणून भाच्यानं, सैफनं, नळदुर्गहून पत्र लिहिलं होतं. "मामू, पगारातून एकेक भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवतोय. आमचं घर गळतं, पाणी लागलं तर वाया जाईल. तुमच्या पुस्तकांच्या कपाटात एक खण द्याल?" कुठली पुस्तकं काढावीत, तेच ठरेना, उत्तर राहूनच गेलं. काल त्याच्या आईनं येऊन फडक्यात गुंडाळलेला त्याच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड पुढं ठेवला. "भाईजान, ईदच्या सफाईत माळ्यावर घावला. लई धूळ होती, म्या साबणानं घासून उन्हात वाळवला. सैफ ओरडला न्हाय, जेवलाबी न्हाय. तुम्ही एवढं वाचता, बघा की काय बिघडलं." सोनेरी टोकांमध्ये साबण पांढरा सुकला होता. मी बोटानं पुसत राहिलो. ती गेल्यावर मधल्या खणातली पुस्तकं खाटेखाली सरकवली आणि "मधला खण तुझा, उरलेले भाग घेऊन ये" एवढंच उत्तर टपालपेटीत टाकलं.