अकरावं नाव

“तुला धरून दहा झाले की,” नवरा यादी बघत म्हणाला. “आता आणखी कुणाच्या मानगुटीवर बसायचंय?”

“अकरावा हवा. ऐनवेळी कुणाचं पोट बिघडलं तर?”

“म्हणजे तू लोकांची पोटंही मोजायला घेतलीस!”

ती हसली नाही. दहाच्या खाली सायकली आल्या तर टीम बाद, असा नियम होता. ऐंशी किलोमीटरची ही फेरी नवजात बाळांच्या कक्षाच्या मदतीसाठी होती. त्याच कक्षात तिची लेक एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना सिस्टरनी विचारलं होतं, “आमच्यासाठी एक टीम उभी कराल?” नाही म्हणायला तिची जीभच रेटली नव्हती.

तेव्हापासून रोज पहाटे, बाळ उठायच्या आत, ती हेल्मेट चढवून सायकल फाटकाबाहेर काढायची. तासाभरानं घामाघूम होऊन परतायची. रविवारी चढावर शिट्टी घेऊन उभी राहायची.

“गिअर उतरवा! खांदे सैल सोडा!”

खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य धापा टाकत म्हणायचे, “वहिनी, नऊ महिन्यांच्या बाळाची आई निघालीय, म्हणून लाजेखातर आम्ही आलो. तुम्ही हटलात, तर आम्हीही घरी.”

बाकीचे माना डोलवायचे. ती घाईघाईनं शिट्टी फुंकायची.

सायकलवाल्यानं चाक फिरवून पाहिलं. “ताई, ब्रेकचं रबर अजून कोरं करकरीत?”

“मी जपून वापरते.”

“सगळेच असे जपायला लागले, तर आम्ही काय खायचं?”

विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं. सासूबाईंनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. पण त्या दोनदा नाही म्हणाल्या होत्या. “माझ्या वाटचं पेडल मारून झालंय गं. आता गुडघे कुरकुरतात.”

फेरीला आठवडा उरला आणि त्या सकाळच्या फिरण्यावरून नेहमीपेक्षा लवकर परतल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, “लिही माझं नाव.”

“आई, खरंच? पण गुडघे?”

“तो दातवाला जातोय, तर मी काय घोडं मारलंय?”

फेरीच्या दिवशी तिनं सगळ्यांच्या चाकांतली हवा तपासली, बाटल्या भरल्या आणि शक्य तितक्या सहज म्हणाली, “पाणी आणि पंक्चरचं सामान कुणीतरी सांभाळायला हवं. मी मदतगाडीत बसते.”

“ही फसवणूक आहे!” दंतवैद्य ओरडले. “मग मीही—”

“काय मीही?” सासूबाई सायकल घेऊन पुढे आल्या. “त्रेसष्ट वर्षांची म्हातारी निघालीय. परत जायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर सांगावं.”

दंतवैद्यांनी मुकाट्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला.

शिट्टी झाली. तिनं एकेक सायकल मोजली. नऊ गेल्या. दहावी, सासूबाईंची, अजून तिच्याजवळच होती.

सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या. “उद्यापासून पहाटे मीही येते तुझ्याबरोबर. सायकल हातात धरून किती दिवस पायी हिंडशील? चालवायला शिकवते तुला.”