मॅटच्या मधोमध

मॅटवर बूट घालून चढलेला माणूस कॉलेजचा अध्यक्ष होता, तरी मर्ल टिबेट्सने त्याला सोडलं नाही.

"साहेब, बूट," तो खुर्चीतूनच म्हणाला.

व्यायामशाळा हसली. डॉ. प्रूइट यांनी मागे येऊन काठाशी चकचकीत बूट काढले आणि मोज्यांवर मधोमध जाऊन माइक हातात घेतला. टिबेट्स आजचा सत्कारमूर्ती होता. एल्म फोर्क कॉलेजच्या कुस्ती संघाचा कोच म्हणून त्याने उभं आयुष्य घालवलं होतं. आता त्याला काठीशिवाय चालता येत नसे. पण बाहेरची घाण मॅटवर येऊ द्यायची नाही, हा नियम त्याने अजून दुसऱ्या कुणाच्या हवाली केला नव्हता. तो स्वतः मोज्यांवरच बसला होता.

वर, दाराजवळच्या बाकावर ऑरिन व्हॉसने पाय आत ओढून घेतले. त्याच्या पायात गोठ्यातले गमबूट होते. फेब्रुवारी म्हणजे गाई विण्याचे दिवस. वासराचे मागचे पाय आधी आले, आणि गाय मोकळी होईपर्यंत निघायची वेळ टळून गेली. हात कसेबसे धुतले, बूट बदलायचे राहून गेले. एवढ्या थंडीत त्याच्या बायकोने, जोलीनने, गाडीची खिडकी वाटभर उघडी ठेवली होती. ती म्हणाली होती, तू आलास की नाही हे कुणाला विचारावं लागणार नाही.

त्याला यायचंच नव्हतं. लाइल ब्रँडवोल्डचा फोन आला होता, ये एवढंच म्हणाला होता. लाइल आजचा दुसरा सत्कारमूर्ती, कॉलेजचा आजवरचा सर्वांत मोठा मल्ल. आयोवातल्या त्या भागात शेंबड्या पोरालाही त्याचं नाव ठाऊक होतं.

ऑरिन आणि लाइल एकाच वजनी गटातले. त्या गटात संघात जागा एकच. ती कुणाची, हे दर सोमवारी आपसातल्या कुस्तीत ठरायचं. ऑरिन बाकी सगळ्यांना लोळवायचा आणि शेवटी लाइलकडून हरायचा, कधी कधी एका गुणाने. वरच्या गटात जायला अंगावर मांस नव्हतं, खालच्या गटासाठी उतरवायला काही उरलं नव्हतं. मग आठवडाभर तो लाइलला सराव द्यायचा आणि शनिवारी, सामन्याच्या दिवशी, बाकावर बसायचा. कॉलेजची सगळी वर्षं तशीच गेली. कॉलेजसाठी तो एकही कुस्ती खेळला नाही.

मल्लाची शेवटची कुस्ती झाली की तो मॅटच्या मधोमध बसून बूट काढतो, तिथेच ठेवतो आणि निघून जातो. ते परत उचलायचे नसतात. लाइलने ठेवले तेव्हा लोक उठून उभे राहिले होते. ऑरिनने त्या संध्याकाळी आपले बूट पिशवीत कोंबले आणि घरी नेले. पुढे ते घालून त्याने डुकरांचा वाडा साफ केला, तळ सुटेपर्यंत.

"मी त्या संघात होतो, की नुसता गादीसारखा वापरला गेलो, ते मला आजवर कळलेलं नाही," तो सकाळी जोलीनला म्हणाला होता. "आणि आता तिथे जाऊन विचारायचंही नाही."

लाइलने माइक घेतला. आईवडिलांचे आभार मानले, कोचचे मानले. वजन उतरवण्यासाठी घरच्यांसमोर भरल्या ताटावरून उठून जायचो ते सांगून लोकांना हसवलं. मग त्याने वर, दाराकडे पाहिलं.

"ऑरिन, खाली ये."

पुढच्या रांगेतला जुना सोबती मागे वळला. "ऊठ रे," तो म्हणाला, "सोमवार आला."

ऑरिनचे कान तापले. तो खाली उतरला, काठाशी थांबला, आणि सवयीने गमबूट काढून मॅटवर गेला. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"बाकीची कॉलेजं मला हरवायला एक दिवस माणूस पाठवायची," लाइल म्हणाला. "हा रोज यायचा. शनिवारी मॅटवर उतरताना मला भीती वाटली नाही, कारण आठवड्यातली सगळ्यात अवघड कुस्ती सोमवारी होऊन गेलेली असायची. ती बघायला कुणी नसायचं, एवढंच."

त्याने आपलं मानचिन्ह ऑरिनपुढे धरलं. ऑरिनने ते हळूच परत लोटलं. ते तुझं आहे, तो म्हणाला, आणि बरं वाटलं रे. टाळ्या वाजत होत्या. आता बूट घालावेत आणि गाठावी गाडी, म्हणून तो वळला.

काठाशी बूट नव्हते.

टिबेट्स खुर्चीतून उठला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ते दोन्ही गमबूट. तो मॅटवर चढला. वितळलेला बर्फ आणि शेण त्याच्या मागे थेंबाथेंबाने स्वच्छ मॅटवर पडत होतं. डॉ. प्रूइट घाण होतेय हे सांगायला अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. टाळ्या थांबल्या. म्हातारा मधोमध पोचला, त्याने काठी खाली टाकली, एक गुडघा टेकला, मग दुसरा. बूट शेजारी शेजारी ठेवले. एकाचा दुमडलेला काठ अंगठ्याने सरळ केला. मग मान वर केली.

"व्हॉस," तो म्हणाला, "तुझे तेवढे राहिले होते."