पाठीतला पठ्ठ्या

"पाय सैल सोडा, मामा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी रबरी हातोडी पुन्हा गुडघ्याखाली मारली. पाय ढिम्म हलेना. उडाला नाही तर मणक्यात नस दबलेली, म्हणजे ऑपरेशन आणि आखाडा कायमचा बंद, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

हिंदुराव पैलवानाचा पाय उडायला तयार होता. पैलवानच सोडत नव्हता. तो पाय खांबासारखा रोवून त्यानं भलेभले दमवले होते, आणि इथं हातोडीपुढं हलायचं?

बाई बेरक्या होत्या. "मामा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढा बघू." ताकदीचं नाव निघताच पैलवान इरेला पेटला आणि पाय विसरला. पाय असा उडाला, की हातोडी पंख्यावर बसून गरगरायला लागली.

"नस शाबूत आहे. हा हुकूम डोक्यानं नाही, मणक्यानंच परस्पर सोडला."

पैलवानाची छाती फुगली. "म्हणजे वस्तादाला न विचारता डाव टाकणारा पठ्ठ्या माझ्या पाठीतच आहे."

"तरीच इतक्या कुस्त्या मारल्यात," सोबत आलेली बायको म्हणाली. "डोकं कधी लागलं होतं त्यात?"

पैलवानानं तेही कौतुकच समजून मान डोलावली.