उत्तरेची भिंत

सकाळी साडेआठला ईसाक रेमपेलने स्वयंपाकघराच्या काचेवरचा बर्फ अंगठ्याने वितळवला आणि नाण्याएवढ्या भोकातून समोरची घरं मोजली. रात्रभराचं वादळ पहाटे थांबलं होतं. कॅनडातल्या ब्रँडन गावावर स्वच्छ ऊन होतं आणि बाहेर उणे एकेचाळीस अंश. अशा थंडीत घराघरातून घर तापवणाऱ्या भट्टीची पांढरी वाफ निघते. रोज सकाळी ती बघायची त्याच्या बायकोची, टीनाची, सवय होती. टीना गेली, सवय त्याच्याकडे आली.

घरं आठ होती. वाफ सातच घरांतून निघत होती.

आठवं स्टेफा बोयचुकचं. ब्याऐंशी वर्षांची, एकटी. त्याने फोन लावला. स्टेफा दुसऱ्या घंटेला फोन उचलायची, कारण गल्लीतलं सगळं तिला आधी कळायला हवं असायचं. बारा घंटा झाल्या.

मग त्याला कालची दुपार आठवली.

या गल्लीतली घरं रेल्वेबरोबर उभी राहिली. तेव्हापासून इथे हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीला बर्फाचा बांध घालतात. वारा अडतो, पायाखालची जमीन उबदार राहते. तीस वर्षं ईसाक स्वतःच्या भिंतीबरोबर स्टेफाच्या भिंतीलाही बांध घालत आला होता. गेल्या हिवाळ्यात त्याने फावडं हातात धरलं नाही. काल धरलं. कंबरेएवढा बांध घातला, थोपटून गुळगुळीत केला.

त्या भिंतीत आता दोन पाइप होते. स्टेफाने सप्टेंबरात नवी भट्टी बसवली होती. तिचा धूर छपरावरून नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या पाइपांतून बाहेर जायचा. भोकं कुठे पाडायची ते मिस्त्र्याला ईसाकनेच दाखवलं होतं.

तो घरातल्या सपातांवरच बाहेर पडला.

शेजारचा लॉर्न गाडीची काच खरवडत होता. "काय ईसाक, पोहायला निघालास? टॉवेल विसरलास बघ!"

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. स्टेफाकडे."

लॉर्नचा हात थांबला.

ईसाक रस्ता ओलांडून पळत होता. पळत म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. एक सपात बर्फात राहिली. घर गार असू दे, तो मनात म्हणत होता. गार असलं म्हणजे भट्टी आपोआप बंद पडली. गार असू दे.

स्टेफाच्या दाराला हिवाळ्यात कडी नसायची. त्याने दार ढकललं. ऊबदार हवा तोंडावर आली.

भट्टी चालू होती आणि तिचा धूर बाहेर जात नव्हता. कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. तरी त्याने हुंगून पाहिलं.

"स्टेफा!"

ती खुर्चीत होती, हनुवटी छातीवर. पुढ्यात कॉफी तशीच भरलेली. गाल गुलाबी होते. इतके गुलाबी ते कधीच नसायचे; तो वायू गाल असेच रंगवतो.

त्याने तळहात तिच्या नाकापुढे धरला. असा हात त्याने याआधी एकदाच धरला होता, टीनाच्या नाकापुढे. तेव्हा हाताला काही लागलं नव्हतं.

आताही लागेना. तो थांबला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. मग तळव्याला जराशी ओलसर ऊब लागली.

त्याने तिला गोधडीत गुंडाळलं, काखेत हात घातले आणि ओढत दाराबाहेर आणलं. थंडी लागताच ती खोकली. एक डोळा उघडला.

"मेल्या, माझे दात."

"राहू देत."

"आत टेबलावर आहेत. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या पोरांपुढे अशी जाऊ?"

लॉर्नने आपली गाडी घराच्या कोपऱ्यापाशी आणून तिला आत बसवलं, काचा खाली केल्या. मग श्वास कोंडून तिच्या घरात शिरला, भट्टीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि खोकत बाहेर आला. नदीच्या पुलाकडून भोंगा ऐकू येऊ लागला होता.

ईसाक गाडीच्या दाराला धरून उभा होता. "गॅसचा अलार्म नाही वाजला?"

"पहाटे किंचाळत होता. बॅटरी संपली की किंचाळतोच. काढून टाकली."

"स्टेफा, ते पाइप मी बुजवले. काल. मीच."

"माहीत आहे. खिडकीतून बघत होते."

"बघत होतीस?" त्याचा आवाज चढला. "मग काच ठोकायची होतीस! ओरडायचं होतंस! मेली असतीस ना!"

"म्हटलं, उजाडल्यावर झाडूने हळूच मोकळे करीन. तुला कळायलाही नको." तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "तू शीळ घालत होतास, ईसाक. टीना गेल्यावर पहिल्यांदा. मी कशी थांबवू?"

लॉर्नने त्याची सपात आणून पायापुढे टाकली. त्याने पाय आत सरकवला आणि घराला वळसा घालून उत्तरेकडे गेला. त्याचं फावडं कालच्या जागीच बर्फात उभं होतं. दहाबारा घाव घातल्यावर पाइपाचं पांढरं तोंड दिसलं. उरलेला बर्फ त्याने बोटांनी उकरून काढला.

गाडीच्या उघड्या काचेतून स्टेफा त्याच्याकडे बघत होती.

तिला ऐकू जावी म्हणून त्याने शीळ घालायला ओठ गोल केले. ओठ अजून थरथरत होते. नुसती वाफ बाहेर आली.