पुंटीचं कच्चं जेवण

पहिल्या दिवशी पुंटीनं मासा-भात चाटूनपुसून खाल्ला आणि त्यात कालवलेला कच्च्या कोंबडीचा तुकडा तेवढा बशीत ठेवून दिला.

"तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," पूर्णेंदूबाबू म्हणाले.

"उद्या खाईल," तपती म्हणाली आणि बशी उचलून घेऊन गेली.

पुंटी ही मांजरी दोनेक महिन्यांची होती. कोन्नगरच्या बाजारात मासळीच्या कट्ट्याखाली सापडली, म्हणून तिला पुंटी या इवल्याशा माशाचं नाव. तपतीनंच तिला पदरात गुंडाळून घरी आणलं. मूलबाळ नसलेल्या त्या नवरा-बायकोच्या घरात इतक्या वर्षांत साधा पोपटही आला नव्हता, त्यामुळे ज्यूट मिलमधून निवृत्त झालेल्या पूर्णेंदूबाबूंना आश्चर्य वाटलं. ते एकूणच कमी बोलत आणि पेपर फार वाचत.

डॉक्टरांकडे तपती एकटीच जाऊन आली. मांजराला शिजवलेलं देऊ नये, कच्चंच द्यावं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणाली. डबाबंद खाऊ त्यांच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. पण कोंबडीचं जे कुणी घेत नाही ते आणलं, तर स्वस्तात भागतं. म्हणून ती पूर्णेंदूबाबूंना बरोबर घेऊन स्टेशनजवळच्या रशीदच्या दुकानात गेली. माना, पेठा आणि थोडीशी कलेजी, असं तिनं त्यांच्याच तोंडून मागवलं.

"बौदी, घरी वाघ पाळलाय की काय?" रशीदनं वहिनीला चिडवल्यासारखं विचारलं.

"आहे एक. पण तो नुसता पेपर वाचतो," तपती म्हणाली. रशीद हसला. पूर्णेंदूबाबूंनी पिशवी धरली.

घरी आल्यावर तिनं विळी त्यांच्यापुढे सरकवली. तिचा खांदा दुखत होता. जुना पेपर अंथरून ते बसले आणि ती समोर वेताच्या मोढ्यावर बसून सांगत राहिली. पेठा जास्त, कलेजी कमी. माना हाडासकट बारीक ठेचायच्या. एका वेळेचं एका पुडीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं आणि आदल्या संध्याकाळी एकेक पुडी खाली काढायची. कलेजी जास्त पडली तर तपती सगळं परत करायला लावी.

"हे तू झटक्यात करशील," ते कुरकुरले.

"करेन. पण तुम्ही करा."

पुंटी हळूहळू बधली. कच्च्याचा वाटा वाढत गेला, भाताचा घटत गेला. मध्ये तिचं पोट बिघडलं. तपतीनं कच्चं कमी केलं, पण बंद केलं नाही. पूर्णेंदूबाबूंना राहवेना. ती न्हायला गेल्याचं पाहून त्यांनी आपल्या ताटातला मासा काटे काढून पुंटीपुढे ठेवला, आणि नेमकी ती बाहेर आली.

उभ्या संसारात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तिला याचीच सवय राहिली तर पुढं काय?" म्हणाली, आणि डोळे पुसत आत गेली. एका मांजरासाठी एवढं काय, हे त्यांना कळलं नाही. मात्र त्यानंतर त्यांनी पुंटीला मासा दिला नाही.

पुंटी अंगानं भरली. त्यांच्या पेपरवर येऊन झोपायला लागली, आणि ते तिला न हलवता उरलेलं पान वाचायला शिकले. रशीदच्या दुकानातही आता ते एकटेच जात.

दुर्गापूजा तोंडावर आली. तपती बहिणीकडे जवळच्याच श्रीरामपूरला गेली होती त्या दिवशी पुंटी दोनदा ओकली आणि कोपऱ्यात निपचित बसली. पूर्णेंदूबाबूंनी तिला पिशवीत घातलं आणि टोटो रिक्षा करून दवाखाना गाठला. रस्ताभर त्यांचा हात पिशवीत होता आणि राग डॉक्टरीणबाईंवर होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पुंटीचं पोट चाचपलं. जंत झालेत, औषधानं बरी होईल, वजन मात्र छान आहे, म्हणाल्या. पूर्णेंदूबाबूंचा जीव भांड्यात पडला आणि राग वर आला.

"हे कच्च्याचं खूळ तुम्हीच घातलंत ना तिच्या डोक्यात?"

"मी?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "मी नकोच म्हणत होते. उकडलेलं दिलं असतं तरी उत्तम चाललं असतं. त्या ऐकेचनात, तेव्हा म्हटलं, निदान नीट तरी करा, आणि सगळं समजावून दिलं." मग त्यांनी विचारलं, "यजमान तर पेपर सोडून उठत नाहीत म्हणाल्या होत्या. तुम्ही त्यांचे दीर का?"

का कोण जाणे, पूर्णेंदूबाबू "हो" म्हणाले.

"मग तुम्हाला माहीतच असेल. पूजा झाली की त्या जलपाईगुडीला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून चालल्यात. कायमच्या. तिथं मांजर चालत नाही, आणि तसंही हे त्यांनी तुमच्या भावासाठीच आणलंय, घरात अगदी एकटे पडू नयेत म्हणून." डॉक्टरीणबाई गोळ्या पुडीत बांधत होत्या. "मी विचारलं, मग शिजवलेलं का नको? तर म्हणाल्या, माझ्यामागे त्या घरात काही शिजायचं नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोट भरलं पाहिजे."