साताऱ्याचा चंद्रोदय

कोलकात्यात कुठं उतरायचं, कुठं जेवायचं, चहा कुठल्या टपरीवर प्यायचा, याचा कागद केतकीनं महिनाभर खपून केला होता. संकष्टी मात्र तिच्या ध्यानातच आली नव्हती. सकाळी सासूबाईंनी चहाबरोबरची बिस्किटं हळूच बाजूला सरकवली, तेव्हा कुठं ती आठवली.

आता बाविसाव्या मजल्यावरच्या त्या नावाजलेल्या हॉटेलात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. टेबल साडेनऊपर्यंतच मिळालं होतं, आणि सासूबाईंनी घरून आणलेल्या कॅलेंडरात साताऱ्याचा चंद्रोदय होता नऊ पंचवीसचा. सासूबाई दिवसभर दोन केळ्यांवर हिंडल्या होत्या. वेटर तिसऱ्यांदा येऊन गेला.

"चुकलंच माझं, आई. उठू या का आपण?"

"थांब जरा." सासूबाई तिच्या खांद्यावरून काचेबाहेर बघत होत्या. केतकीनं वळून पाहिलं. समोरच्या इमारतींच्या वर तांबूस चंद्र चक्क येऊन बसला होता. घड्याळात पावणेनऊ.

"अगं, आपण केवढं पूर्वेला आलोय! इथं तो आधीच उगवणार." तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी पेल्यातलं पाणी ताटलीत सोडलं, हात जोडले. केतकीचा जीव भांड्यात पडला. तिनं घाईनं मेनूकार्ड पुढं केलं.

"ते राहू दे. आधी साताऱ्याला फोन लाव," सासूबाई म्हणाल्या. "माझी जाऊ अजून गच्चीत ताटकळत असेल. म्हणावं, आमचा उपास सुटलासुद्धा!"